आगालेगावरचे बारा मावळे

हरीश साने हा माणूस औषधांच्या बाबतीत जितका पक्का, तितकाच मतांच्या बाबतीत कच्चा. न्यू लिनच्या फार्मसीत तो अकरा वर्षं काउंटरमागे उभा आहे. गोळी पाचची की अडीचची, एवढी शंका आली तरी तो डॉक्टरला फोन लावतो. रांग कुरकुरते, कुणी घड्याळ दाखवतं, पण डॉक्टर सापडेपर्यंत हा गोळी हातातून सोडत नाही. तोच हरीश फार्मसीचं दार ओढून बाहेर पडला की त्याला समोरच्याचं सगळं पटायला लागतं. निवडणुकीच्या काळात दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते त्याच्या दारातून खूश होऊन परत जातात. "याला आरशासमोर उभा केला तर तिथेही मान डोलावेल," असं त्याची बायको विनया म्हणते, आणि तेही त्याला पटतं.

चिंचवडहून या परक्या देशात विद्यार्थी म्हणून आला, पेट्रोल पंपावर रात्रपाळ्या केल्या, परीक्षा दिल्या, रजिस्ट्रेशन मिळवलं, ग्लेन ईडनला घर घेतलं, नागरिक झाला. यात सांगण्यासारखं असं काही नाही, इथल्या निम्म्या मराठी माणसांची हीच गोष्ट आहे. हरीशची स्वतःची अशी एकच कला होती. लहानपणी सोसायटीत दिवाळीचा किल्ला करावा तर त्यानेच. सलग पाच वर्षं पहिलं बक्षीस. तटबंदी, तळं, हळिवाचं रान, आणि बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे. मावळ्यांशिवाय किल्ला म्हणजे नुसता ढिगारा, हे त्याचं आयुष्यातलं एकमेव ठाम मत होतं.

आणि नेमक्या त्याच मताने घोळ घातला.

झालं असं की इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला यंदा भारताच्या वकिलातीतले एक साहेब येणार होते. मंडळाचा अध्यक्ष श्रीनाथ हा मनुष्य उत्साहाने भरलेला, आणि उत्साहाला झाकण नाही. त्याने मीटिंगमध्ये जाहीर केलं, "या वर्षी देखावा आंतरराष्ट्रीय! भारत-मॉरिशस मैत्री. आगालेगा नावाचं त्यांचं एक छोटंसं बेट आहे, तिथे आपण केवढी मोठी धावपट्टी बांधून दिली, धक्का बांधून दिला. ते मॉडेल करायचं. आणि शेजारी उभी राहून आरती कोण करणार? आपल्या लीलाताई!"

लीलाताई बापू. आडनाव बापू, त्यावर नवीन आलेलं प्रत्येक पोर एकदा हसतं आणि मग गप्प बसतं, कारण बाई पंचाहत्तर वर्षांच्या आहेत आणि आरत्या त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून मॉरिशसला उसाच्या मळ्यात गेले. त्या स्वतः चाळीस वर्षांपूर्वी इथे आल्या आणि हॉस्पिटलात नर्स म्हणून निवृत्त झाल्या. त्यांचं मराठी जरा वाकडंतिकडं, मॉरिशसच्या क्रिओल बोलीच्या चालीवर चालणारं. पण हरीश परीक्षेत दोनदा नापास झाला तेव्हा डाळपुरीचा डबा घेऊन त्याच्या खोलीवर येणारी बाई तीच. तेव्हापासून ती त्याची लीलामावशी. दर गुरुवारी ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला ती फार्मसीत येते आणि गोळ्यांपेक्षा जास्त वेळ गप्पा घेते.

"मावशींना विचारायला हवं ना आधी?" हरीश म्हणाला.

"सरप्राइज आहे रे!" श्रीनाथ म्हणाला.

हरीशला पटलं.

तीन आठवडे तो गॅरेजमध्ये होता. फोनवर उपग्रहाचे फोटो मोठे करून त्याने किनारा कापला, धावपट्टीच्या कडेने बारीक दिवे लावले, समुद्राला निळं सेलोफेन. मधूनमधून वाचतही होता, आणि तिथे त्याचं डोकं भंजाळलं. दिल्लीचं म्हणणं, ही सोय बेटावरच्या लोकांसाठी, समुद्रावर नजर ठेवण्यासाठी. लष्करी तळ वगैरे नाही. पटलं. मॉरिशसचं सरकारही तेच म्हणत होतं, जास्तच पटलं. मग एका लेखात कुणी विचारलं होतं की तीनेकशे माणसांच्या बेटाला तीन किलोमीटरची धावपट्टी कशाला? हेही पटलं. दुसऱ्या लेखात होतं की चीनची जहाजं हिंदी महासागरात फिरतात, तर आपण काय हातावर हात ठेवून बसायचं? बरोबरच होतं.

"सो इज इट अ बेस ऑर नॉट?" त्याच्या चौदा वर्षांच्या मुलीने, ऋग्वेदाने, बोटांवरचा गम काढता काढता विचारलं.

"तसं नाही म्हणतात. पण काही लोक आहे म्हणतात."

"डॅड, यू हॅव टू पिक वन."

त्याने काही निवडलं नाही. मॉडेल पुरं झालं आणि त्याला ते ओकंबोकं वाटू लागलं. मंडळाच्या खोक्यात शिवजयंतीचे बारा मावळे होते. पुण्याहून आणताना बायोसिक्युरिटीवाल्यांनी माती आहे म्हणून विमानतळावर अर्धा तास तपासलेले. हरीशने ते काढले, त्यांचे फेटे पुसले, सहा धावपट्टीच्या एका बाजूला, सहा दुसऱ्या बाजूला उभे केले. आता कसा देखावा जिवंत झाला! ऋग्वेदा म्हणाली, "दॅट्स हीप्स ऑफ सोल्जर्स." पण ही इथे जन्मलेली पोर, हिला किल्ल्यातलं काय कळणार, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं.

स्थापनेच्या सकाळी लीलामावशी न्यू लिनच्या हॉलवर आल्या. श्रीनाथने पडदा ओढला. टाळ्या झाल्या. मावशी जवळ गेल्या. एक हात कठड्यावर ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या. मग बोटाने मोजू लागल्या. बारापर्यंत मोजून त्यांनी पर्समधून फोन काढला, एक फोटो घेतला, आणि हरीशकडे वळल्या.

"तुला कोणी सांगितलं हे?"

"कशाबद्दल, मावशी?"

त्या पर्स बंद करून निघाल्या. आरतीला थांबल्याही नाहीत. इतक्या वर्षांत प्रथमच गणपतीची पहिली आरती लीलाताईंशिवाय झाली, आणि श्रीनाथ दिवसभर सगळ्यांना सांगत होता की त्यांना आनंदाने भरून आलं.

गुरुवार आला, मावशी गोळ्यांना आल्या नाहीत. फोन उचलला नाही. दुपारी तो गोळ्यांचं पाकीट खिशात घालून स्टेशनमागच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या युनिटवर गेला. दार उघडलं, पण नेहमीसारखं "ये रे" नाही.

"मावशी, माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही. तू खरं केलंस. पण मला आधी का नाही बोललास?"

"काय बोलायचं होतं?"

मग त्या बोलल्या, आणि हरीशला कळलं की आपण इतकी वर्षं या बाईला ओळखतच नव्हतो. त्यांचे वडील मराठी, पण आगालेगाच्या नारळाच्या मळ्यावर कारकून होते. आई त्याच बेटावर जन्मलेली क्रिओल बाई, नारळ सोलणारी. लीला सात वर्षांची झाल्यावर वडिलांनी तिला शाळेसाठी काकाकडे पोर्ट लुईला पाठवलं. धाकटा मधू आईजवळ राहिला. तो अजून तिथेच आहे, एकाहत्तर वर्षांचा. बहीणभाऊ आयुष्यात मोजून नऊ वेळा भेटले. हे मंडळात त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. "तुम्ही लोक मला शुद्ध मराठी रक्ताची, शुद्ध मराठी रक्ताची म्हणत होता. मी म्हणाले, म्हणू दे."

"पण मग धावपट्टी तर चांगलीच ना? विमान उतरेल, मधूमामांना डॉक्टरकडे नेता येईल, तुम्हाला जाता येईल."

"होय. मधू पण हेच म्हणत होता. खूश होता. पण हरीश, मी तेवीस वर्षांची होते तेव्हा पोर्ट लुईच्या बंदरात एक बोट आली. दिएगो गार्सिया बेटाच्या शेजारच्या बेटांवरची माणसं. एका मोठ्या देशाला तिथे तळ पाहिजे होता, दुसऱ्या मोठ्या देशाने सगळी बेटं रिकामी करून दिली. ती माणसं बोटीतून उतरतच नव्हती. म्हणत होती, आम्हाला घरी न्या. मी धक्क्यावर उभी होते. एक बाई माझ्या आईच्या वयाची, गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. ते मी विसरले नाही. आता तू तिथे सैनिक उभे केलेस. मी फोटो मधूला पाठवला. त्याने ट्रंक भरली."

"मावशी, अहो, ते सैनिक नाहीत! मावळे आहेत. किल्ल्यावर ठेवतात ते. रिकामं दिसत होतं म्हणून ठेवले, देवाशपथ."

लीलामावशी त्याच्याकडे मायेने पाहू लागल्या, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "तू एक गोळी विचारल्याशिवाय देत नाहीस. बारा सैनिक असेच ठेवशील? तुला सांगायची परवानगी नसेल. मला कळतं."

खरं कारण इतकं पोरकट होतं की ते कुणाला खरं वाटेना. हरीशने चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी त्याला स्वतःलाही शंका आली.

शुक्रवारी श्रीनाथचा घाबराघुबरा फोन आला. वकिलातीतल्या साहेबांनी देखाव्याचा फोटो मागवला होता. "हरीश, ते मावळे काढ ताबडतोब! साहेब म्हणाले, तिथे सैन्य नाही हीच आपली भूमिका आहे, आणि आपलंच मंडळ तिथे पलटण उभी करतंय. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!"

हरीशला हायसं वाटलं. चला, दिल्लीलाही नको आहेत आणि मावशीलाही नको आहेत. एवढं एकमत त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. त्याने धावत जाऊन बारा मावळे खोक्यात भरले आणि मावशींना निरोप ठेवला, की उद्या नक्की या, मी सगळं नीट केलंय.

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला. साहेब आले, चांगले अदबीचे गृहस्थ, देखाव्याचं कौतुक केलं. आणि सातच्या सुमाराला लीलामावशी आल्या, जांभळी साडी, वर लोकरी कोट. थेट मॉडेलपाशी गेल्या. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गमाचे बारा डाग दिसत होते.

"काढायला लावले ना?" त्या हळूच म्हणाल्या.

मावशींच्या लेखी हिशेब सरळ होता. ठेवले तेव्हा खरं म्हणून ठेवले होते, काढले तेव्हा खरं म्हणून काढायला लावले होते. आता पुन्हा ठेवले असते तरी तेच, मोडून टाकलं असतं तरी तेच. तो तडक साहेबांकडे गेला आणि कधी नव्हे ते सरळ विचारलं. साहेबांनी शांतपणे तेच सांगितलं: तळ नाही, कुणाला उठवायचा विषयच नाही, ही लोकांचीच सोय आहे. हरीशला पटलं. "आणि वीस वर्षांनी, सर?" साहेब जरासे हसले. "साने साहेब, वीस वर्षांनंतरचं मी माझ्या बदलीचंसुद्धा सांगू शकत नाही." हेही पटलं, आणि म्हणूनच त्याला रडू यायला लागलं.

तो परत आला तर मावशींनी फोन लावलेला. पडद्यावर एक काळासावळा म्हातारा, मागे ऊन. तिथे सकाळचे अकरा वाजले होते.

"हा मधू. तू त्याला सांग."

"मी? मावशी, साहेब आहेत ना तिथे, त्यांना..."

"तो साहेब कागदावरचं बोलणार. मी त्यांच्या बाजूचा एकच माणूस ओळखते. तू."

त्यांच्या बाजूचा! नऊ वर्षं झाली हरीशचा भारताचा निळा पासपोर्ट जाऊन इथला काळा येऊन. भारताचं मत त्याला दिल्लीने कधी विचारलं नव्हतं, इथल्या सरकारने, वेलिंग्टनने नाही आणि घरात विनयानेही नाही. तो म्हणणार होता, मला माहीत नाही. तेच खरं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणायची त्याची तयारीही झाली होती. पण पडद्यावरच्या म्हाताऱ्याने हात जोडले, आणि मोडक्यातोडक्या सुरात, बापाकडून कधीकाळी ऐकलेली, "सुखकर्ता दुःखहर्ता" ही एवढीच ओळ म्हणून दाखवली. त्याला येत असलेलं सगळं मराठी ते एवढंच. मग तो क्रिओलमध्ये काहीतरी बोलला.

"तो विचारतो, जायला लागेल का," लीलामावशी म्हणाल्या.

"नाही," हरीश म्हणाला. "नाही, मधूमामा. तुम्हाला कुणी उठवणार नाही."

मावशींनी ते तिकडे सांगितलं. मग फोन हातात घेऊन म्हातारा घरात गेला असावा, चित्र हललं, अंधारलं, एक पलंग दिसला, पलंगाखालची पत्र्याची ट्रंक दिसली. त्याने ती ओढून बाहेर काढली आणि उघडली. एकेक शर्ट काढून तो खुंटीला लावू लागला.

"बघ," मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "तू बोललास म्हणून."

मागे श्रीनाथने आरतीसाठी माइक ठोकला आणि लोक उभे राहिले. हरीश फोनकडेच पाहत होता. ट्रंकेत अजून बरेच कपडे होते, आणि म्हातारा सावकाश, घडी न मोडता, सगळे काढत होता.