पहिल्या पानावरचा फोटो

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. प्रकाश गेल्याचा निरोप रोह्याहून आला, तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच, की आता कोण विचारणार... त्याची लाज वाटली, म्हणून लिहितो आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेणच्या एका गणपती कारखान्याची वेबसाइट करायचं काम मी घेतलं होतं. प्रकाश माझा शाळेपासूनचा मित्र, रोह्याच्या कंपनीत ड्राफ्ट्समन. शिफ्ट सुटली की तो पेणला यायचा. नोकरी सोडून हेच करायचं, असं त्याच्या मनात होतं. त्याने कारखान्यात दोरी बांधली आणि चिमट्यांनी कागद लटकवले. एक कागद म्हणजे साइटचं एक पान. माझी मांडणी अशी होती: आधी इतिहास, मग मालक, मग मूर्तींची उंची. तो मात्र आलेल्या गिऱ्हाइकालाच कागदांपुढे उभं करायचा. "वहिनी, गणपती घ्यायचाय. आधी कुठं जाल?" निडी गावच्या एक बाई म्हणाल्या, "उंची काय करायचीय? आमच्यात मोरावर बसलेलाच आणतात. तो कुठं हाय?" प्रकाशने माझे सगळे कागद उतरवले. नव्या पहिल्या पानावर एकच प्रश्न होता: तुमच्या घरी गणपती कसा असतो? परतीची खूण प्रत्येक पानावर एकाच जागी. "वाट चुकला की माणूस लाजून निघून जातो रे," तो म्हणायचा.

मालकांचा फोटो मात्र त्याने पहिल्याच पानावर, त्या प्रश्नाच्या वर ठेवला होता. तेव्हा फोनच्या लायनीवर फोटो उमटायला फार वेळ लागे. मी म्हणालो, "काढून टाक."

"शेठ रागावतील."

"मी बघतो."

शेठ रागावलेच. "माझ्याच कारखान्यात मीच नाय? ही अक्कल कोणाची?"

"मधू सांगेल," प्रकाश म्हणाला आणि माझ्याकडे पाहत राहिला. शेठच्या ओळखीने आणखी कारखान्यांची कामं मिळायची होती. मी म्हणालो, "आराखडा प्रकाशचा आहे." हे खोटं नव्हतं. म्हणूनच इतकं सहज बोलता आलं.

प्रकाशला पुन्हा बोलावलं नाही. रोहेकराने साइट बिघडवली, असं पेणमध्ये झालं. मालकांचा फोटो आला, बाकी मांडणी त्याचीच राहिली, आणि कामं मला मिळाली. तो निवृत्तीपर्यंत कंपनीतच राहिला.

गेल्या वर्षी रोह्याजवळ वरसे गावात त्याच्या घरी गेलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. प्रकाश मोबाइलवर कुठल्याशा दुकानाची साइट बघत होता. "मधू, दुकानाचा पत्ता यांनी पार तळाशी का टाकला असेल, सांग बघू?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"प्रकाश, तो फोटो..." मी म्हणालो.

"कुठला?" त्याने मान वर केली.

"काही नाही. दुकानाचा. चांगला आलाय."