भिंतीवरचं इंजिन

आज कुरडया तळायला घेतल्या आणि त्या वासासरशी परळी स्टेशनामागचं माहेरचं अंगण डोळ्यांपुढं आलं. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून आईनं बाजेवर पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या होत्या. कोळशाच्या इंजिनाची शिट्टी आली की आम्ही मायलेकी बाज उचलून घरात पळायचो. त्या दिवशी मात्र इंजिन आमच्या दारासमोरच थांबलं आणि भसाभसा धूर सोडू लागलं. बाज उचलेपर्यंत कुरडयांवर काजळी बसली.

हातातला सोऱ्या उगारून आई ओरडली, "अय बाबा, कावून हितंच थांबलास? समदं काळं केलंस की!"

ड्रायव्हरनं हसून शिट्टी वाजवली. तेव्हा मला तो राजा वाटला होता. आज त्याचं ते हसू डोक्यात जातं.

तसल्याच इंजिनाचा जुना काळा-पांढरा फोटो लेकानं मोठ्ठा करून बैठकीत लावलाय. येणारा-जाणारा म्हणतो, "काय भारी धूर आलाय!" मी दातओठ खाऊन चहा देते.

आत्ताही बैठकीतून लेक ओरडला, "आई, दार लाव गं. तळणाचा धूर फोटोला लागंल!"