विडा उचलेपर्यंत

आमच्या संस्थानात दरबारी गायिकेनं आपणहून तोंड उघडायचं नाही, असा रिवाज होता. तंबोरा छेडत बसायचं. राजेसाहेबांनी तबकातला विडा उचलला की मगच पहिला सूर लावायचा. कधी ते गप्पांत रमले की मी ताटकळत तशीच बसे. कळायला लागल्यापासून हेच अंगात मुरलं होतं. चांगलं मुरलं होतं मेलं!

संस्थान विलीन झालं, राजवाड्याला कुलूप लागलं आणि मी चिंचवडला दादाकडे आले. दादा पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात लागला होता. चाळीत एकच खोली. रियाजाला बसले की वहिनी हातातलं काम टाकून येत. "वन्सं, हळू! शेजारचे रातपाळी करून झोपलेत." मग मी गोधडीत तोंड खुपसून गायची. गोधडीत कुठे गाणं होतं का? नुसता जीव घुसमटायचा.

दादानं माझ्यासाठी खेडचा एक बिजवर पाहून ठेवला होता. माणूस बरा होता म्हणे, पण घरात गाणं चालणार नाही, ही त्याची अट. मी दादाचे पाय धरले, ऊर फुटेस्तोवर रडले. शेवटी तो म्हणाला, "कारखान्याच्या कॉलनीत मुलींना गाणं शिकवायला बाई हवीय. राहायला खोलीही देतायत. गणपतीत तुझं गाणं ठेवायला सांगतो. त्यांना पसंत पडलं तर खेडचं नाव काढणार नाही."

त्या संध्याकाळी मांडव गच्च भरला होता. समोर खुर्चीत कारखान्याचे मोठे साहेब. मी तंबोरा छेडला आणि सवयीनं त्यांच्या हाताकडे पाहत बसले. साहेब माझ्याकडे पाहत बसले. देवाशपथ सांगते, हा दरबार नाही हे मला ठाऊक होतं. 'गा गं बाई, गा!' असं मी मनात ओरडत होते, पण गळा उघडेना. घामानं चोळी भिजली. मागून कुणीतरी हाळी दिली, "बाई, होऊ द्या सुरू!" पण मला हुकूम समोरून हवा होता, मागून नाही. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. मंडळाचे चिटणीस वाकून म्हणाले, "घाबरलात का? असू द्या, उठा आता." त्यांनी कर्ण्यावर तबकडी लावली. लोक लगेच माना डोलवायला लागले.

घरी येताना दादा पुढे, मी मागे.

सकाळी त्यानं धुतलेली टोपी घातली आणि खेडची गाडी पकडायला निघाला. मी दारात उभी होते. 'जाऊ का?' एवढं त्यानं एकदा विचारावं, मग मी नाही म्हणणार होते. त्याच्या चपलेचा अंगठा निसटला, तो वाकून नीट करत बसला. केवढा तरी वेळ मिळाला मला. त्यानं विचारलं नाही आणि मी तोंड उघडलं नाही.