घरचा वकील

वकील कुणाचा नोकर नसतो; तो फक्त न्यायाला बांधलेला असतो. पणजीतल्या एका फर्मने मला सल्लागार म्हणून घेतलं तेव्हा तिथल्या ज्येष्ठ भागीदारांनी हे वाक्य उभं राहून ऐकवलं. नोकर नसण्याचा अर्थ मला हळूहळू कळला: पगार नाही, खुर्ची नाही, पेट्रोल आपलं. बांधलेला मात्र मी होतोच. फर्मचं अशील ते माझं अशील, आणि समोरच्या बाजूला एका शब्दाचाही सल्ला द्यायचा नाही.

डिचोलीत राहणारा, पेडण्यात नातीगोती असलेला माणूस त्यांना कशाला हवा होता, ते कोरगावच्या काजूच्या बागेपाशी उमगलं. बाग माझ्या लांबच्या काकांची, घेणारी कंपनी फर्मची अशील. काकांचं ठरलं होतं. पण गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन विकता येत नाही. म्हणून करारावर काकीची सही आणायला मला धाडलं.

करारात बागेबरोबर कडेची विहीरही जात होती. घरातलं पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं. काकांच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

सोप्यावर टेकताच मी नियमाप्रमाणे सांगितलं, "काकी, मी त्या कंपनीचा वकील. तू तुझा वेगळा वकील बघ, कागद त्याला दाखव."

काकी हसली. "घरचो वकील आसताना भायरचो कित्याक रे? आणि माझ्यार विश्वास ठेवू नको म्हणून आपणच सांगता, असो वकील माका खंय मेळतलो?"

"पणजीचो वारो लागलो तेका," काका म्हणाले.

मग मी अख्खा करार मोठ्याने वाचला. 'विहिरीसह' या शब्दावर आवाज चढवला, थांबलो, ती ओळ पुन्हा वाचली. त्याहून जास्त बोललो असतो तर तो सल्ला झाला असता.

"घसो सुकलो तुजो," म्हणत काकी उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी प्यायलो.

"आता सही खंय करूची ती दाखय."

मी बोट ठेवलं. तिने बोटाशेजारी सही केली.

नियम मी इतका नीट पाळला की त्याचीच लाज वाटते. मी प्रामाणिकपणे बोललो, त्यानेच तिची उरलीसुरली शंका गेली. एक साधं वाक्य पुरलं असतं. पुतण्याला ते बोलता आलं असतं, पण त्या दिवशी सोप्यावर पुतण्या नव्हताच. फर्मच्या बैठकीत माझं कौतुक झालं. 'स्थानिकांचा विश्वास' असे शब्द वापरले गेले.

विहिरीभोवती आता कंपनीचं कुंपण आहे. काकीने नळ घेतला. पाणी एक दिवसाआड येतं.