डागावरची इस्त्री

माझ्या भावाची बायको लग्नाच्या झग्यांचे डाग काढते. चौकातल्या लाँड्रीत पांढऱ्या कपड्यांचं टेबल तिचं, पुढचं काउंटर माझं. एकोणीस वर्षं मी तिला वहिनी म्हणते आणि त्यातली निम्मी वर्षं मी तिच्यावर चिडलेली आहे. कारण माझा भाऊ. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलायची सोय नाही, तरी मी बोलते.

भाऊ तीनदा घर सोडून गेला. तिन्ही वेळा दुसऱ्या शहरात, त्याच बाईकडे. तिथं बिनसलं की बॅग उचलून परत. वहिनी दार उघडायची, जेवायला वाढायची, एक शब्द विचारायची नाही. चार महिने बरे जायचे, मग ये रे माझ्या मागल्या.

तिच्या या वेडाला खतपाणी घातलं आमच्या पाळकसाहेबांनी. त्यांचा आवडता उपदेश एकच: प्रभू हा वर, मंडळी, म्हणजे चर्चमधले आपण सगळे, ही वधू. वधू भरकटते, परक्यांच्या मागे लागते, पण वर तिला टाकत नाही. मग ते बायबलमधल्या त्या जुन्या संदेष्ट्याची गोष्ट सांगायचे, ज्यानं देवाच्या सांगण्यावरून पळालेल्या बायकोला घरी आणलं. भाऊ दुसऱ्यांदा परतला त्या रविवारी त्यांनी भर चर्चमध्ये वहिनीकडे हात केला. "देवाचं प्रेम बघायचं असेल तर या ताईंकडे बघा." सगळे वळून बघायला लागले. वहिनीनं मान खाली घातली, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. नवऱ्यानं घरात कधी बरा शब्द काढला नाही, इथं एवढ्या लोकांत कौतुक झालं. त्या दिवशी ती गोष्टीतल्या देवाच्या जागी जाऊन बसली ती बसलीच. मी किती समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या मंगळवारी दुपारी पाळकसाहेब लाँड्रीत आले. भाऊ चौथ्यांदा जाऊन परत आला होता आणि त्यांच्या बैठकीत चहा पीत बसला होता.

"ताई, तो फार पस्तावलाय," ते म्हणाले. "तुमच्यासमोर यायला लाजतो. तुम्ही फक्त हो म्हणा, मी घेऊन येतो."

"बोलायला तोंड नाही का त्याला?" मी म्हणाले. "चहा प्यायला आहे वाटतं."

वहिनीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. मला वाटलं, झालं, आता ही हो म्हणणार. तिच्यासमोर एक झगा पसरलेला होता, घेरावर तपकिरी डाग. घरी कुणीतरी घाईघाईत त्याच्यावरून गरम इस्त्री फिरवली होती. असा डाग पक्का बसतो, मग कितीही घासा. आधी डाग काढायचा, मग इस्त्री, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात.

वहिनीनं त्या डागावर बोट ठेवलं.

"साहेब, मी तीनदा हेच केलं," ती म्हणाली. "डाग तसाच ठेवून वरून इस्त्री. कुठं होतास विचारलं नाही, का गेलास विचारलं नाही. वरून गुळगुळीत दिसलं, म्हणून तुम्हीही कौतुक केलंत."

"ताई, देव असा जाब विचारत नाही."

"विचारतो की. तुमच्याच त्या गोष्टीत तो किती चिडतो, किती कळवळतो. तेवढं तुम्ही भराभर वाचून पुढं जाता. आणि मी देव नाही, साहेब. तुम्हीच सांगता, मी वधू. एकोणीस वर्षं वराचं काम करून दमले मी. मलाही वाटतं, कुणीतरी मला बोलवायला यावं."

पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, "मग काय सांगू त्याला?"

"लाँड्री सातपर्यंत उघडी असते. स्वतःच्या पायांनी यावं आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. मग बघू."

साडेपाचला भाऊ आला. समोरच्या फुटपाथवर, बॅग पायाशी ठेवून उभा राहिला. मला हातानं खूण केली, तिला बाहेर पाठव. मी पाठ फिरवली. वहिनी टेबल सोडून हलली नाही, पण तिचं कामही पुढं सरकेना. तिनं दोनदा केस सारखे केले. मला तिचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की मी एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच कोट दिला.

सातला मी शटर ओढायला गेले, तर म्हणाली, "पाच मिनिटं थांब." आम्ही वीस मिनिटं थांबलो. मग त्यानं बॅग उचलली आणि बसथांब्याकडे निघून गेला.

वहिनी रडली नाही. "दार उघडं होतं ना गं?" एवढंच तिनं विचारलं.

"सताड," मी म्हणाले.

रविवारी पाळकसाहेबांनी दुसराच विषय घेतला. सोमवारी मी जरा लवकर गेले आणि तो समोरचा रस्ता, त्या फुटपाथपासून आमच्या दारापर्यंत, चालून बघितला. चौदा पावलं आहेत.