गिअर नसलेल्या गाडीत आई

"ब्रेक! अहो, ब्रेक दाबा कोणी! आई समोर बसल्या हायेत!"

बायको ओरडत होती आणि लहान लहान होत चालली होती. मी नव्या इलेक्ट्रिक व्हॅनच्या मागच्या डब्यात उभा राहून पाण्याचे भरलेले जार लावत होतो. मागचं दार सताड उघडं. त्या दारातून पाहतो तर बायको, तिचा भाऊ, आमचं गोदाम, गोदामावरची टाकी, सगळा तेलीबांधा मोहल्ला माझ्यापासून दूर निघालेला. देवाशप्पथ सांगतो, पहिल्यांदा मला वाटलं की तेच चालले. आवाज नाही, धूर नाही, हादरा नाही. गाडी निघाली हे माणसाने समजावं कशावरून?

मी तसा भित्रा नाही. एका लग्नात जार उतरवताना सांड मांडवात शिरला होता, त्याला मी नुसते डोळे वटारून परत धाडलं. तो सांड आज हयात नाही, नाहीतर त्याने साक्ष दिली असती. पण इलेक्ट्रिक गाड्यांचं नाव घरात निघाल्या दिवसापासून माझं पाणी पाणी झालं होतं. आमचा धंदाच पाण्याचा. ऑफिसांना, दुकानांना, लग्नांना थंड पाण्याचे जार पोचवायचे. पाणी आणि करंट एकाच गाडीत? मी बायकोला म्हटलं, "एक जार फुटला तं मी जागच्या जागी पापड होईन." ती म्हणाली, "पापड तं पापड. डिझेल आपल्याले खाऊन राहिलं." तिन्ही जुन्या गाड्या गेल्या आणि तीन पांढऱ्या, मुक्या गाड्या दारात आल्या.

जुन्या गाड्यांची एक रीत होती. त्यांचे हँडब्रेक शोभेचे. ओढला तर तांब्यातल्या पळीसारखा हलायचा, बस. म्हणून आमच्याकडे कोणी हँडब्रेक ओढतच नसे. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, चावी काढायची, उतरायचं. डोंगर कोसळला तरी गाडी हलत नसे. बायकोच्या भावाने उभी हयात अशाच गाड्या चालवल्या. सवयीने त्याने त्या सकाळीही चावी काढली आणि उतरला. ध्यानातच आलं नाही की या नव्या गाडीबाईला गिअरच नाही. नुसतं एक गोल बटन, तेही मोकळ्यावर, म्हणजे न्यूट्रलवर, सोडलेलं.

रायपूर तव्यासारखं सपाट. आख्ख्या शहरात असेल नसेल तेवढा उतार देवाने आमच्या गोदामासमोर आणून टाकला आहे. गल्ली खाली खाली जाते, टोकाला मोठा रस्ता, त्यावर ट्रक, आणि रस्त्यापलीकडे तळं. आईला गोल बाजारात पितळेचं पातेलं घ्यायचं होतं. पहिलीच फेरी तिकडची, म्हणून ती आधीच समोरच्या सीटवर जाऊन बसली होती.

तिच्या आणि माझ्या मध्ये पत्र्याची भिंत. मी त्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. "आई! दोन सीटच्या मधात ब्रेकची दांडी हाय! वर ओढ!" पण डब्यात जारांनी असा धिंगाणा घातला होता की माझा आवाज मलाच येत नव्हता. पलीकडून काही नाही. मी पुन्हा मारल्या. मग तिकडून दोन थापा आल्या, हलक्या, शांत.

आमच्या धंद्यात मागून थापा म्हणजे 'चलू दे', आणि समोरून थापा म्हणजे 'हव, चाललो'. इतकी वर्षं आई आमच्या गाड्यांत बसलेली. तिने मला रीतसर उत्तर दिलं होतं.

उडी मारता आली असती. गाडी अजून माणसाच्या धावण्याइतकीच पळत होती. एक पाय दारात ठेवलाही. मग वाटलं, मी उतरलो तर आईसोबत कोणीच नाही. न उतरून मी करणार काय होतो, ते मला आजही सांगता यायचं नाही. पाय आपोआप आत आला. एक जार घरंगळत येऊन गुडघ्यावर बसला आणि मी आडवा झालो.

बायकोचा भाऊ चावी हातात धरून शेजारून धावत होता. एक चप्पल केव्हाच मागे राहिली होती. "भाऊजी, भिऊ नका! मी दार खोलतो!" तो धापा टाकत ओरडला आणि त्याने चावीवरचं बटन दाबलं. गाडी टुंइ टुंइ बोलली आणि समोरची दोन्ही दारं बंद झाली.

"अबे, तू लॉक केलं!"

"खुलून नाही राहिलं, भाऊजी!"

"दुसरं दाब! दुसरं!"

त्याने दुसरं दाबलं. लाइट लागले.

तेवढ्यात गाडीने वेग धरला आणि तोही लहान व्हायला लागला. मागच्या दारातून मला फक्त गेलेलं दिसत होतं. येणारं सगळं आईसमोर होतं. मला ते ऐकू येत होतं: ट्रकचे हॉर्न, आधी लांब, मग जवळ, मग इतके जवळ की जारांतलं पाणी थरथरायला लागलं. मी पत्र्याला पाठ लावली. मधे पत्रा होता, पण तिच्या पाठीला पाठ लावून बसल्यासारखं वाटलं. घसा कोरडा, भोवती सगळं पाणीच पाणी, आणि तोंडातून एकच शब्द, आई, आई. पन्नाशीचा घोडा मी.

मग धप्प.

गल्लीच्या टोकाच्या नव्या बिल्डिंगवाल्याने रेती गल्लीतच ओतून ठेवली होती. त्या ढिगाला मी महिनाभर शिव्या घातल्या होत्या. गाडी नाकापर्यंत त्यात घुसली, आणि त्याच क्षणी पलीकडून एक ट्रक असा गेला की त्याच्या वाऱ्याने मागचं दार आपटलं.

बायको पोचली. भावाच्या हातातून चावी हिसकावून तिनेच दार उघडलं. मी लंगडत गेलो. आई सरळ बसलेली, मांडीवर पिशवी, नजर समोर, जिथून ट्रक गेला तिथे. मी तिचा हात धरला. उन्हाळ्याच्या दिवसात तो आमच्या जारापेक्षा गार होता, आणि माझा त्याहून.

बायको रडत रडत म्हणाली, "आई, तुम्हाले समजलं नाही का, ड्रायव्हर नाही म्हणून?"

"समजलं नं," आई म्हणाली. "पण उतरू कशी? गाडी चालून राहिली होती."