उघड्या डोक्याचा संतराम

पुसेगावच्या व्यंकटरावांचा धाकटा पोरगा संतराम डोक्यावर टोपी घालत नसे. आता हे ऐकून कुणाला हसू येईल, पण त्या काळी गावात उघड्या डोक्यानं दोघंच फिरत, एक सुतकातला आणि एक येडा. कुणी विचारलं की संतराम म्हणे, डोकं तापतं. हिंगोलीच्या सरकारी शाळेत टोपीवाचून मास्तर बाकावर बसू देत नसत, म्हणून तिथं घालावी लागे. सुट्टीत घरी निघाला की गावाचा ओढा लागायच्या आधीच टोपी पिशवीत जायची.

निजामाचं राज्य होतं, शाळेतलं सगळं शिकणं उर्दूत. संतराम उजवीकडून डावीकडं असं भराभरा लिही, की बघणाऱ्याला वाटावं पोरगं लिहिलेलं पुसून राहिलंय. व्यंकटरावांना त्याचा फार अभिमान. मॅट्रिक झाला की कचेरीत मुन्शी होणार, मग तहसीलदारासमोर आपल्याला उभं राहावं लागणार नाही, बसायला मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब बिघडला सेहेचाळीस सालच्या दसऱ्याच्या जत्रेत. हिंगोलीच्या मैदानात तंबूतला सिनेमा आला. दिवस मावळला की दोन माणसं बादल्या घेऊन यायची आणि पांढऱ्या पडद्यावर पाणी शिंपडायची. ओल्या कापडावर चित्र उजळ दिसतं म्हणे. संतराम पुढं मातीत बसला होता. पडदा ठिबकत होता. उजेड पडला, आणि त्या ओल्या कापडावर माणसांचे चेहरे वर आले, पाण्यातून वर यावेत तसे.

तो बसल्या जागी मागं सरकला. त्यानं असा चेहरा एकदाच बघितला होता, आणि तो वर आला नव्हता, खाली गेला होता.

त्याचा थोरला भाऊ माणिक. आठ वर्षांमागं पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघं भाऊ बैल धुवायला ओढ्यावर गेले होते. माणिक तेरा वर्षांचा, संतराम नऊचा. ओढ्याला पूर होता. संतराम बैल घेऊन एकटाच परत आला आणि म्हणाला, पवळ्यानं हिसका दिला, दादा पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी माणिक दोन कोसांवर बाभळीच्या मुळ्यांत सापडला. व्यंकटरावांनी पवळ्या बैल गोरेगावच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकला आणि मागं वळूनही बघितलं नाही. पवळ्यानं मात्र बघितलं असेल.

तंबूत पहिल्याच दिवशी संतरामनं आणखी एक गोष्ट बघितली. चित्र सुरू व्हायच्या आधी उर्दूत नावं आली. बाकीचे बिड्या शिलगावत होते, त्यानं वाचली. नट, नट्या, आणि मग कहाणी व मुकालमे, म्हणजे बोलणं, अमक्याचं. संतरामच्या ध्यानात आलं की ही माणसं मनाला येईल ते बोलत नाहीत. कुणीतरी त्यांना आधी लिहून देतं. कोण कुठं उभं राहील, कोण मरेल, कोण वाचेल, हे एक माणूस कागदावर ठरवतो.

कोण वाचेल, हे तर त्याला ठरवायचंच होतं.

जत्रा संपेतो तो रोज तंबूत गेला. मग वहीत लिहायला बसला. एका पानावर एक देखावा, खाली बोलणं. दोन भाऊ, बैल, पूर. रोज लिही आणि रोज माणिक त्याच्या शेजारी येऊन बसे. बोलत काही नसे. कागद मात्र दमट लागायचा. शाईला पाणी जास्त झालंय, अशी संतराम मनाची समजूत घाली.

मॅट्रिकची परीक्षा देऊन तो वैशाखात घरी आला आणि सांगून मोकळा झाला, की मुन्शी व्हायचं नाही, मुंबईला जायचं, सिनेमाच्या गोष्टी लिहायच्या. व्यंकटरावांना आधी उमजेचना. त्यांनी विचारलं, लिहून दिल्याशिवाय ती माणसं बोलत नाहीत का? नाही म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की आपल्या गावात तर लिहून न देताही लोक गप्प बसत नाहीत. मग रागावले, मग जेवले नाहीत, आणि शेवटी म्हणाले, घरच्या रितीनं माणिकला विचारू.

रीत अशी. घरात कुणी गेलं की सोनाराकडून चांदीचा टाक करून आणायचा, तळहातापेक्षा लहान पत्रा, त्यावर ठशानं उठवलेलं माणूस. सोनाराकडं ठसा एकच, त्यामुळं आजा, पणजा, माणिक, सगळ्यांचं नाक सारखं. ते देव्हाऱ्यात ठेवायचे. घरातलं कुणी दूर निघालं की त्यांच्यापैकी एकाला कौल लावायचा. टाकाच्या छातीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी पडली तर जा, डावी पडली तर राहा.

संतरामच्या मायनं, चतुराबाईनं, सकाळी न्हाऊन पाकळ्या लावल्या. दुपार झाली तरी एकही पडली नाही. दुसऱ्या दिवशी तेच. वैशाखाच्या झळांनी पाकळ्या वाळून पापडासारख्या झाल्या, पण चांदीला धरून राहिल्या. गावातल्या बायका येऊन बघून गेल्या. त्यांतली भिकाबाई म्हणाली की पोराला काहीतरी बोलायचं असेल. ती माणिकबद्दल म्हणाली होती. संतरामनं मात्र ते स्वतःवर घेतलं.

तिसऱ्या दिवशीही पाकळ्या तशाच. चतुराबाई देव्हाऱ्यासमोर तांदूळ निवडत बसली होती, व्यंकटराव ओसरीवर आडवे झाले होते. तिनं पोराला विचारलं की तू वहीत लिहितोस तरी काय, वाचून दाखव.

संतराम वही घेऊन बसला. उर्दूत लिहिलेलं मराठीत सांगू लागला. थोरला भाऊ बैलाची पाठ घासतोय. धाकटा काठावर. नवी टोपी घातलीय, पोळ्याची. माय निवडत होती, मधूनच म्हणे, पुढं? धाकट्यानं टोपी काढून पाण्यात सोडली, नावेसारखी जाते का ते बघायला. टोपी धारेला लागली. धाकटा रडू लागला, दादा, माझी टोपी. थोरल्यानं बैलाचा कासरा सोडला आणि उडी घेतली.

"पुढं?"

"पुढं थोरला वर येतो. हातात टोपी आहे. दोघं हसत घरी जातात."

चतुराबाईचा हात सुपात थांबला. तिनं एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"खोटं लिवायला मुंबईला कशाला जातूस बाबा," ती म्हणाली. "ते तर आठ वर्सं घरी बसूनच करून राहिलास."

ओसरीवरची बाज करकरली.

"माय, तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. सकाळी टोपी घालून गेलतास, दुपारी उघडा आलास. पवळ्या तुझ्या मागं गरीबावानी चालत आला. हिसका देणारं जनावर असं येत न्हाई."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"एक गेलाच होता. दुसरा गावाच्या तोंडी द्यायची माझी छाती झाली न्हाई. वाटलं, आज सांगशील, उद्या सांगशील. मग तू टोपी घालायची सोडलीस. म्हनलं, याला आठवण हाय. तेवढ्यावर मी भागवलं."

व्यंकटराव दारात येऊन उभे होते. कधी आले कुणाला कळलं नव्हतं. संतरामला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मंग पवळ्याचा काय गुन्हा होता?" एवढंच ते म्हणाले, आणि गोठ्याकडं निघून गेले. रिकाम्या खुंट्यापाशी ते बराच वेळ उभे होते.

संतरामनं टाकाकडं बघितलं. आता पडेल, खरं बोलून झालं, आता उजवी पडेल. पाकळ्या हलल्या नाहीत. दिवेलागणीला चतुराबाईनं ओला पदर घेऊन दोन्ही पाकळ्या पुसून काढल्या आणि टाक जागेवर ठेवला.

"त्याला इचारून झालं," ती म्हणाली. "तो तेरा वर्सांचा पोरगा, त्याला काय ठाऊक. आता मी सांगते. जा. पर त्या वहीतलं शेवटलं पान फाड. त्याला माघारी आणू नको. लई दमलं असंल माझं लेकरू."

संतरामनं पान फाडलं. फाडताना ते कोरडं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी व्यंकटरावांनी गाडी जुंपली. हिंगोलीहून आगगाडी होती. माय दारात आली, संतरामच्या पिशवीत हात घालून शाळेची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर नीट बसवली, नऊ वर्षांच्या पोराला बसवावी तशी.

ओढा आला. वैशाखातला ओढा, पाण्याचा टिपूस नाही, नुसती वाळू. बैल उतरले, चाकं वाळूत रुतून करकरली. समोर बघत व्यंकटरावांनी विचारलं, गाडी थांबवू का. संतराम नको म्हणाला.

त्यानं दोन्ही हातांनी टोपी घट्ट धरली होती. पलीकडचा काठ चढून गाडी वर आली, ओढा मागं पडला, हिंगोलीची झाडं दिसू लागली, तरी त्यानं हात काढले नाहीत.